चेहरा मागाहून

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सहा.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, तरी अक्षर चांगलं ठेवायचं.

शुक्रवारी नकाशा ऑफिसातून बाहेर पडलो तो कायमचा. मुदतीच्या आधी, स्वखुशीने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी काढल्या, आता माणसं काढणार. संकल्प असा: तीस पोर्ट्रेट्स. पूर्णाकृती, माणसाच्या उंचीची. प्रत्येक माणूस जुन्या काळच्या वेषात. डिसेंबरात सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन. तिथून पुढे गॅलऱ्या आपणहून विचारतील.

माझी थिअरी थोडक्यात: रोजच्या कपड्यांत माणूस दडून बसलेला असतो. त्याला राजाचा अंगरखा घाला, जहाजाच्या कप्तानाचा कोट घाला, की आतला खरा माणूस बाहेर येतो. हे अजून कुणाला सुचलेलं नाही. सविस्तर सांगायला दीड तास लागतो.

ही शनिवारी तिच्या बहिणीकडे गेली. मला थोडे दिवस माझं माझं राहायचं आहे, असं म्हणाली. म्हणजे हवापालट. मी आता दिवसभर घरी असणार, मला कामाला मोकळी जागा हवी, हा विचार त्यामागे असणार. समजूतदार आहे. बोलून दाखवत नाही इतकंच.

३ सप्टेंबर, बुधवार.

स्टुडिओ तयार. पुढच्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा. उजेड उत्तम. तिथे हिचं शिलाई मशीन असायचं, ते ती घेऊन गेली आहे. समोरच्या फ्लॅटमधले कंडक्टर डोकावले (हे बसमध्ये कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, अजून दारात उभं राहून बोलतात). म्हणाले, थोड्या दिवसांसाठी शिलाई मशीन कोण नेतं. मी म्हटलं, हौस असते एकेकाला.

कॅनव्हास रद्द. तळमजल्यावरच्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये नवं फर्निचर झालं, त्यातलं प्लायवूड उरलं होतं. ते वर आणलं. कॅनव्हास हाताखाली थरथरतो. प्लाय ठाम असतो आणि माझी रेघही ठाम आहे.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. साखर बंद. दुपारी झोप नाही.

४ सप्टेंबर.

पावणेदहाला उठलो. पहिले काही दिवस शरीर हिशेब चुकता करतं, असं ऐकलंय.

६ सप्टेंबर, शनिवार.

बाजारात नाटकांना, शाळांच्या गॅदरिंगला भाड्याने पोशाख देणारं दुकान आहे, तिथे गेलो. दुकानभर डांबरगोळ्यांचा वास. ड्रेसवाल्याला थिअरी सविस्तर सांगितली. मध्ये त्याने तीन गिऱ्हाइकं उरकली आणि जेवूनही घेतलं, पण ऐकत होता. त्याची अट एकच: पोशाख सकाळी न्यायचा, त्याच दिवशी दुकान बंद व्हायच्या आत परत. रात्रभर कुणाला देत नाही. लोक त्यात झोपतात म्हणाला.

अडचण मोठ्या माणसांनाच येते. मी रस्ता लगेच काढला. आधी पोशाख रंगवायचा, चेहरा मागाहून. पोशाख भाड्याचा आहे. चेहरा काही भाड्याचा नाही, तो कुठे जातोय?

७ सप्टेंबर, रविवार.

पहिलं सीटिंग. कंडक्टर राजा झाले. जांभळा मखमली अंगरखा, गळ्याभोवती नकली फर (गळतं), छातीवर पितळी बटणांच्या दोन ओळी. पोटावर अंगरखा बंद होईना, म्हणून मागे सुतळीने बांधला. समोरून पाहिलं तर साक्षात राजा. दिवसभर उभे राहिले. उभं राहण्याची सवय आहे, असं म्हणाले.

मी अंगरखा काढला तो मात्र काढलाच. मखमलीची प्रत्येक घडी, प्रत्येक बटणावरची चमक. नकाशात डोंगराचे चढउतार बारीक रेघांनी दाखवायचो, तोच हात इथे कामाला आला. संध्याकाळी अंगरखा परत केला.

बोर्डावर राजा उभा आहे, मानेपर्यंत. कंडक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, आधी कळस मग पाया असं ऐकलं होतं, हे कळस सोडून सगळं झालं. मी हसलो. कलेतल्या गोष्टी सगळ्यांना समजाव्यात असा माझा आग्रह नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार.

हिला फोन केला. थिअरी, अंगरखा, मखमलीवर उजेड कसा पडतो, सगळं सांगितलं. एकदाही मध्ये बोलली नाही. शेवटी हं म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिचं ऐकणं पहिल्या दिवसासारखं आहे. ऐकणारी बायको मिळायला नशीब लागतं.

कधी येणार, ते विचारायचं राहून गेलं.

१४ सप्टेंबर, रविवार.

डेंटिस्ट, कप्तानाच्या कोटात. निळा कोट, सोनेरी दोरा, खांद्यांवर झालरी. हातात दुर्बीण हवी होती, ती दुकानात नव्हती, म्हणून गुंडाळलेलं कॅलेंडर दिलं. डेंटिस्ट दर अर्ध्या तासाने खाली जाऊन एक दात बघून येत. कोटातच जात. एका पेशंटने तोंड उघडायला नकार दिला म्हणे.

कोट अप्रतिम झाला. चेहरा मागाहून.

२१ सप्टेंबर, रविवार.

वॉचमन न्यायाधीश झाला. काळा झगा, पांढरा कृत्रिम केसांचा टोप. टोप चेहऱ्यात मोडतो की पोशाखात, यावर बराच विचार केला. पोशाखात. टोप रंगवला, खाली चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली. अर्ध्या सीटिंगमध्ये वॉचमन झोपला, त्यामुळे झग्याच्या घड्या जास्तच नैसर्गिक आल्या.

हिचा फोन नाही. बहिणीकडे फोनला रेंज नसेल. बहीण शहराच्या मध्यभागी राहते, पण अशा ठिकाणीच रेंजचा प्रॉब्लेम असतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

दुपारी खुर्चीत बसलो. उठलो तेव्हा अंधार पडला होता. मधलं काही आठवत नाही. झोप म्हणता येणार नाही, डोळे उघडे होते. चिंतन.

रात्री ब्रेड.

२८ सप्टेंबर, रविवार.

वरच्या मजल्यावर टायपिंगचा क्लास घेणाऱ्या बाई राहतात. साठीच्या, एकट्या, लग्न केलेलं नाही. परवा जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, तुम्हाला राणी करतो. त्या म्हणाल्या, राणी नको. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, दुकानात वधूचा पोशाख असेल का.

होता. पांढरा, जुन्या घाटाचा, पायघोळ, डोक्यावरून पाठीमागे जाणारी जाळी. आज सकाळी त्या आत जाऊन पोशाख घालून आल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. उभ्या राहून पाय दुखले असतील, पण बसा म्हटलं तर पोशाख चुरगळेल म्हणाल्या. संध्याकाळी पोशाख उतरवायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. मला दारावर टकटक करावी लागली.

जाळी काढणं सर्वांत अवघड. एकेक भोक वेगळं. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम. जाताना बाईंनी विचारलं, चेहरा कधी. मी म्हटलं, लवकरच.

५ ऑक्टोबर, रविवार.

नवीन माणूस मिळाला नाही. कंडक्टरांनाच पुन्हा उभं करून शिकारी केलं, सोसायटीतलं दुसरं कुणी तयार होईना. चामडी जाकीट, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर बंदूक (लाकडी). पाच बोर्ड झाले. तीस हा आकडा तसा ढोबळच होता. पाच अव्वल चित्रं तीस सुमार चित्रांपेक्षा केव्हाही बरी.

आता चेहरे. उद्यापासून.

६ ऑक्टोबर.

उद्यापासून.

११ ऑक्टोबर, शनिवार.

कंडक्टरांना चेहऱ्यासाठी बोलावलं. बनियनवर आले, चेहराच हवाय ना म्हणाले. समोर बसवलं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आपण माणसाकडे बघायला लागलो की तो आपल्याकडे बघत राहतो. सरळ डोळ्यांत. जमिनीचं असं नसतं. जमीन उलटून बघत नाही. मी नाकापासून सुरुवात केली, पण नाकाला डोळे चिकटलेले असतात. मग त्यांना खिडकीबाहेर बघायला सांगितलं, तर बाहेर जे दिसेल ते ते मला सांगत बसले. अर्ध्या तासात माझ्या अंगाला घाम. तब्येत बरी नाही सांगून घरी पाठवलं.

विचार केला. माणूस समोर असला की त्याची वरवरची खळबळ मध्ये येते. चेहरा खरा साठलेला असतो तो आठवणीत. ठरलं: सगळे चेहरे आठवणीतून.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

चमत्कार म्हणावा असा दिवस. सकाळी राजासमोर उभा राहिलो, डोळे मिटले, कंडक्टरांना आठवलं आणि ब्रश टेकवला. हात आपोआप चालायला लागला. कपाळ, भुवया, मिटलेले ओठ. कुठे अडलं नाही, कुठे खोडलं नाही. दुपारी जेवायचं विसरलो. एवढं सोपं काम मी महिनाभर लांबणीवर टाकलं, याचंच नवल वाटतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

कंडक्टरांना बोलावून दाखवलं. ते जवळ गेले, लांब गेले, चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, अहो, ह्या वहिनी आहेत.

मी म्हटलं, नीट बघा. ते म्हणाले, नीटच बघतोय, वीस वर्षं समोर राहतोय, वहिनी ओळखता येणार नाहीत होय. राजाचा अंगरखा आणि वर वहिनी.

गाढवाला गुळाची चव काय.

१९ ऑक्टोबर, रविवार.

कप्तान पूर्ण. पुन्हा तसंच, एका दमात. खबरदारी म्हणून डेंटिस्टच्या मिशा ठळक काढल्या. डेंटिस्ट दोन पेशंटच्या मधल्या वेळात वर आले, बघितलं आणि म्हणाले, वहिनींना मिशा का काढल्यात.

काही लोकांना दातांपलीकडे चेहरा दिसतच नाही.

२२ ऑक्टोबर.

न्यायाधीश पूर्ण, शिकारीही पूर्ण. वॉचमनने न्यायाधीशाला सलाम केला आणि म्हणाला, मॅडम परत आल्या का. मी म्हटलं, येतीलच. तो म्हणाला, मग टपाल तिकडे पाठवू नको का. तिचं टपाल तो तिकडे पाठवतो, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी अंथरुणावर पडलो. भूक नव्हती. दुःख वगैरे काही नाही. काहीच नाही. हातपाय कुणाचे तरी असावेत तसे पडून होते.

२६ ऑक्टोबर, रविवार.

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, रविवारी फोन करते. आई मजेत आहे म्हणाली. पोहायला शिकतेय. मी म्हटलं, तुझा काहीतरी घोळ होतोय, तिला पाण्याची भीती वाटते. लेक म्हणाली, बाबा, भीती तुम्हाला वाटते. आई तुमच्यासोबत काठावर बसायची.

मग मला जेवता का म्हणून विचारलं. हो म्हटलं. मग मी तिला आठवणीतून चेहरा काढण्याची पद्धत सांगितली. तिच्याकडे कुणीतरी बेल वाजवली, म्हणून फोन ठेवावा लागला.

२ नोव्हेंबर, रविवार.

वधूही झाली. जाळीखालचा चेहरा फारच सुंदर आलाय, हे मीच म्हणतो.

क्लासवाल्या बाई बघायला आल्या. आधी हसत आल्या. केस नीट बांधून आल्या होत्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या, ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात आता कुणी नव्हतं. मग म्हणाल्या, तो पोशाख मी आयुष्यात एकदा घातला, आणि त्यावर तुम्ही तुमची बायको काढलीत. आवाज चढवला नाही. टायपिंग शिकवताना बोलतात तशाच बोलल्या. मी आकृतीच्या तोलाबद्दल सांगायला लागलो, तर दार लावून निघून गेल्या.

हात दाखवून अवलक्षण. लोकांना पूर्ण झालेलं काम दाखवूच नये. मला वाईट वाटलं. रात्रीपर्यंत वाटत राहिलं, म्हणून नोंद केली.

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे.

झोप लागली नाही. पाचही बोर्ड भिंतीला ओळीने लावले आणि समोर बसून राहिलो.

हीच आहे.

राजा, कप्तान, न्यायाधीश, शिकारी, वधू. पाचही ठिकाणी हीच. डावी भुवई किंचित वर, ओठ मिटलेले, नजर माझ्यावर. मी काढायला गेलो नव्हतो. आपोआप आली.

३ नोव्हेंबर. सकाळी अकरा.

यामागचा अर्थ आता लक्षात आला. चूक नव्हेच. ही माझी खरी थिअरी, इतके दिवस ब्रशला ठाऊक होती, मला नव्हती. प्रदर्शनाचं नाव बदललं: 'एक चेहरा, अनेक वेष'. आयुष्यभर जे बोललो नाही ते रंगात बोललो. ही बघेल तेव्हा तिला कळेल. दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. थोडंफार सांगीन.

हिला फोन केला. रविवारी ये म्हटलं. या रविवारी जमणार नाही म्हणाली. पुढच्या? तेव्हाही नाही. शेवटी ३० तारीख ठरली. तसंही मला यायचंच होतं, असं म्हणाली.

तसंही यायचंच होतं. शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

९ नोव्हेंबर.

घर आवरण्याचा संकल्प. एक कप धुतला.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

सोसायटीच्या हॉलसाठी सेक्रेटरींना भेटलो. डिसेंबरभर हॉलला रंग लावणार आहेत म्हणाले. चित्रं ठेवायला हॉल नाही, कारण तिथे रंग चालू आहे. असो. प्रदर्शन महत्त्वाचं नाही. बघणारी एकच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार.

कपाट उघडून तिची बाजू मोकळी केली. माझे शर्ट तिकडे गेले होते, ते परत आणले. तिचे गरम कपडे वरच्या खणात तसेच आहेत. थंडी पडायला लागली आहे. म्हणजे वेळेवर येतेय.

साखर आणली. ती चहात घेते. किती घेते ते आठवलं नाही, म्हणून जास्त आणली.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

दाढी केली. पाचही बोर्डांवरची धूळ पुसली. उद्या काय बोलायचं ते तीन मुद्द्यांत बसवलं आहे. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं, ते होत नाही. दात काढण्याआधी डेंटिस्ट सुई देतात, तसं आहे. बोट लावलं तर आहे म्हणून कळतं.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

अकराला आली. तिच्याकडे किल्ली आहे, तरी बेल वाजवली. हातात दोन मोठ्या बॅगा. काळीज हललं, हे लिहून ठेवतो. मी पुढे होऊन बॅगा घ्यायला गेलो. रिकाम्या होत्या.

आधी गरम कपडे काढते, मग बसू, असं म्हणाली. वरचा खण तिने रिकामा केला. मी स्टूल धरून उभा होतो. खाली उतरल्यावर सांगितलं की तिने एक लहानसा फ्लॅट भाड्याने घेतला आहे. पोहायला जवळ पडतो. मी विचारलं, दोघांना पुरेल का. ती म्हणाली, नाही.

मी म्हटलं, चित्रं बघ.

तिने सगळी बघितली. एकेका चित्रासमोर थांबून. अंगरख्याच्या बटणांवरून बोट फिरवलं आणि कपडे फार सुंदर काढलेत म्हणाली. जाळी बघून, हे कसं जमवलंत, असं विचारलं. मी सांगायला लागलो. मखमल, मग जाळी, मग आठवणीतून चेहरा काढायची पद्धत, मग तीन मुद्दे. ती ऐकत होती. माझं झाल्यावर तिने राजाकडे बोट करून विचारलं, ही मी आहे का.

मी म्हटलं, पाचही तूच आहेस.

ती पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, अहो, हा माझा चेहरा नाही. तुम्ही बोलत असता तेव्हा मी असं तोंड करते. एरवी माझं तोंड असं नसतं.

रागाने नाही म्हणाली. बुटाचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

मी विचारलं, एरवी कसं असतं. ती म्हणाली, आता ते मी कसं सांगू?

मी म्हटलं, बस मग. आत्ता काढतो. घड्याळाकडे बघून ती खिडकीशी बसली. मी कागद घेतला. उजेड चांगला होता. हनुवटी जरा वर, असं सांगितलं, उजेड कुठून येतोय ते सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या डोळ्यांदेखत तिची डावी भुवई वर गेली आणि ओठ मिटले. मी बोलायचा थांबलो. म्हटलं, आपोआप जाईल. दोघंही गप्प बसून राहिलो. पण मी पुन्हा केव्हाही सुरू होईन, हे तिला ठाऊक होतं. चेहरा गेला नाही.

कागद कोराच राहिला. ती उठली, बॅगा उचलल्या. मी बॅगा खाली आणून देतो म्हटलं तर नको म्हणाली. जेवत जा म्हणाली. दार तिनेच लावलं.

खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली फाटकाशी कंडक्टर होते. ते काहीतरी बोलले आणि ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. हे हसणं मी ऐकलेलं नाही. मी काच सरकवली, पण खिडकी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिची पाठ माझ्याकडे होती.

नंतर कंडक्टर वर आले. वहिनींना केस कापलेले छान दिसतात म्हणाले. केस कापले होते का?

१ डिसेंबर.

काही नाही.

४ डिसेंबर, गुरुवार.

तेच.

६ डिसेंबर, शनिवार.

बोर्डांचं काय करायचं हा प्रश्न. पुढच्या खोलीत पाच जणी उभ्या, मी स्वयंपाकघरात जेवतो. कंडक्टर म्हणाले, माझ्या राजाचं डोकं पुसून द्या, बाकी मी ठेवतो. पण त्यांच्या सुनेने नको म्हटलं.

ड्रेसवाल्याला फोन केला. तो टेम्पो घेऊन आला. बोर्डांभोवती फिरला. माझ्या दुकानातल्यापेक्षा तुमचे पोशाख खरे वाटतात, असं म्हणाला. आजवर माझ्या कामाबद्दल इतकं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. दुकानाबाहेर उभे करतो म्हणाला, थोडी दुरुस्ती करावी लागेल, चालेल ना. चालेल म्हटलं. कुठली दुरुस्ती, ते विचारलं नाही.

खोली एकदम मोठी झाली. संकल्प: उद्यापासून निसर्गचित्रं. झाडं.

१३ डिसेंबर, शनिवार.

बाजारात गेलो होतो, म्हणून दुकानावरून गेलो.

पाचही बोर्ड रस्त्याच्या कडेला ओळीने उभे आहेत. चेहऱ्यांच्या जागी गोल भोकं पाडली आहेत. लोक मागे जातात, भोकातून डोकं बाहेर काढतात, समोरून कुणीतरी फोटो घेतं. गर्दी होती. राजाच्या अंगरख्यात एक भाजीवाली, कप्तानाच्या कोटात एक म्हातारे गृहस्थ, दात नसलेले, हसून हसून डोळ्यांतून पाणी. डेंटिस्टना हे सांगायला हवं. वेष घातला की आतला माणूस बाहेर येतो, ही थिअरी शंभर टक्के खरी ठरली, याची इथे नोंद करतो. फक्त चेहरा त्यांचा त्यांनी आणायचा होता.

रांगेत क्लासवाल्या बाई होत्या. केस नीट बांधलेले. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा वधूच्या मागे गेल्या. जाळीखाली त्यांचा चेहरा आला आणि मी काढलेला तो पोशाख पहिल्यांदाच कुणाच्या तरी अंगावर बसला. फोटो काढायला त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. मागच्या माणसाने त्यांचा फोन घेऊन काढून दिला. मी पुढे झालो असतो, पण झालो नाही.

ड्रेसवाल्याने आतून कापडी पिशवी आणून दिली. कापलेले तुकडे फेकणं जिवावर आलं म्हणाला. करवतीने जपून कापले होते, कडांना पॉलिश पेपरही मारला होता. थाळीएवढे पाच गोल.

घरी आलो. दिवा लावला. पाचही गोल टेबलावर, भिंतीला टेकवून, ओळीने ठेवले. एकीला मिशा आहेत. खुर्ची ओढून समोर बसलो.

डावी भुवई किंचित वर, ओठ मिटलेले, नजर माझ्यावर. पाचही जणी तशाच.

मी काहीच बोलत नव्हतो.